डागाखालची मोडी: एका रुमालासाठी इन्फ्रारेड कॅमेरा निवडताना

मावशीच्या सासरी लाल खारव्यात बांधलेला मोडी कागदांचा एक रुमाल आहे. दर दसऱ्याला त्याची गाठ सुटायची, वरच्या कागदाला हळदकुंकू लागायचं आणि रुमाल परत सागवानी पेटीत जायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरातलं धान्य, गाद्या, टीव्ही माडीवर चढवताना ती पेटी तेवढी खाली राहिली. पाणी ओसरल्यावर रुमाल उघडला तर खारव्याचा लाल रंग आतल्या कागदांत उतरलेला, पेटीच्या लाकडाने कडांना तपकिरी नक्षी काढलेली आणि तळाच्या पाचसहा कागदांवर नदीचा गाळ बसलेला. मावशीने एकेक कागद सुती धोतरांवर पसरून, पंख्याखाली सावलीत वाळवला. तेवढं तिने केलं म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

२०२२ च्या दिवाळीत ओळखीतले मोडी वाचणारे एक काका घरी आले. एकूण त्रेचाळीस कागद. त्यातले चोवीस त्यांनी दोन बैठकांत वाचून दिले. उरलेल्या एकोणीस कागदांवर मजकूर होता, पण डागांनी गिळलेला. त्यात सगळ्यांत मोलाचा म्हणजे शेताच्या बांधावरून झालेल्या तंट्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद. शकाचा आकडा कसरीने खाल्लेला, आणि सुहूर सनाच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिल्या जाणाऱ्या वर्षाच्या, पहिल्या शब्दावर नेमका तपकिरी डाग.

काका म्हणाले, "सबैन मया व अलफ एवढं स्वच्छ आहे. त्याच्या आधीचा शब्द मिळाला तर वर्ष मिळेल. नाहीतर दहा वर्षांत कुठेही."

सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सुहूर अकराशे सत्तरचं दशक म्हणजे इ.स. १७६९ ते १७७९. थोरल्या माधवरावांपासून बारभाईंपर्यंतचा काळ या दहा वर्षांत येतो. कागद कोणाच्या अमलात झाला हेच कळत नव्हतं.

मी हौशी फोटोग्राफर. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे इन्फ्रारेड फोटो काढायचा नाद मला आधीपासून होता, म्हणून मावशीने हे काम माझ्याकडे दिलं. तिचा पहिला प्रश्न होता, "त्यात उष्णता दिसते ना रे?" तसं नसतं. उष्णता टिपणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी पाहतात. आपण ज्याला इन्फ्रारेड फोटोग्राफी म्हणतो ती लाल रंगाला लागूनच असलेल्या पट्ट्यात चालते, साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरच्या मध्ये. विल्यम हर्शेलने १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्याच्या लाल कडेबाहेर तापमापी ठेवून ज्या अदृश्य किरणांचा शोध लावला, त्यांतलाच हा लाल रंगाच्या सगळ्यांत जवळचा तुकडा.

पैसे खर्च करण्याआधी

बजेट साठ हजारांचं होतं आणि ते मावशीच्या पेन्शनमधून येणार होतं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी करून पाहिल्या. अशा कामात पडणाऱ्या प्रत्येकाने त्या आधी कराव्यात.

पहिली अगदी फुकटातली. कागदाचा साधा रंगीत फोटो काढायचा आणि संगणकावर त्याचा फक्त लाल चॅनल उघडून पाहायचा. लाल डाग लाल प्रकाशात जवळजवळ पांढरा दिसतो, काळी अक्षरं काळीच राहतात. खारव्याचा रंग उतरलेले सात कागद एवढ्यावरच वाचता आले. त्यांच्यासाठी मी नवा कॅमेरा घ्यायला निघालो होतो, ही गोष्ट मला आजही टोचते. हळदीचे डागही असेच निघाले, कारण हळद निळा प्रकाश शोषते आणि लाल सोडून देते. आता बारा कागद उरले.

दुसरी चाचणी घरातल्या जुन्या सोनी हँडीकॅमवर. त्या काळच्या हँडीकॅममध्ये नाइटशॉट नावाची सोय असायची. बटण सरकवलं की सेन्सरपुढचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बाजूला होतो आणि पुढचा छोटा इन्फ्रारेड दिवा पेटतो. खोलीत अंधार केला आणि महजराचा डागाळलेला कोपरा त्याच्यापुढे धरला. पडद्यावर हिरवट, धुरकट चित्र आलं. अक्षर लावता येत नव्हतं, पण डागाच्या जागी डाग नव्हता आणि शिरोरेषेला लटकलेलं काहीतरी काळं होतं. मी काकांना फोन केला, "शाई आहे, काका. खाली शाई शाबूत आहे."

वर्षाचं अक्षर वाचण्याइतका बारकावा त्या कॅमेऱ्यात नव्हता. पण पैसे वाया जाणार नाहीत एवढी खात्री त्याने दिली.

शाई आणि डाग यांचा स्वभाव

मोडी दप्तरांतली शाई बहुतांशी काजळीची. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खलून केलेली, बोरूने लिहिलेली. काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन, आणि कार्बन दृश्य प्रकाश जितका शोषतो तितकाच इन्फ्रारेडही शोषतो. त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये ही शाई काळीभोर राहते. पाण्याने कागदावर उमटलेले तपकिरी ओघळ, लाकडातलं टॅनिन, चहा, सेलोटेपचा पिवळा पडलेला डिंक, वनस्पतिज रंग, कार्यालयांतल्या जांभळ्या शिक्क्याची ॲनिलिन शाई, ही मंडळी मात्र ८०० नॅनोमीटरच्या पुढे जवळपास पारदर्शक होतात. डाग विरघळल्यासारखा नाहीसा होतो आणि काजळी उरते. डेड सी स्क्रोल्सची, म्हणजे मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांची, काळवंडलेली चामडी पानं नजीब अल्बिना यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर इन्फ्रारेड फिल्मवर टिपली, ती याच तत्त्वावर.

हे तत्त्व कुठे हात टेकतं तेही आधीच सांगायला हवं. काजळीचा डाग, म्हणजे समईची किंवा चुलीची काजळी, शाईसारखीच काळी राहते. दोन्ही एकच वस्तू आहेत. पाण्याने डिंक सुटून शाईच पसरली असेल तर पसरलेली शाईही काळीच दिसते. आणि नदीच्या गाळात लोहाची संयुगं असतात. त्यांचं शोषण ८५० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपास पुन्हा वाढतं, त्यामुळे गाळाचा डाग फिका होतो पण जात नाही. तळाचे गाळाचे कागद पूर्ण सुटणार नाहीत, हे मी मावशीला त्याच दिवशी सांगितलं.

याच्या उलट अडचण इंग्रजी अमलातल्या कागदांची. स्टॅम्प पेपरावर कारकुनांनी लोहयुक्त शाई वापरलेली असते, जी कालांतराने काळ्याची तपकिरी होते. ही शाई इन्फ्रारेडमध्ये फिकी होत जाते आणि १००० नॅनोमीटरकडे जवळपास नाहीशी होते. असा एक कागद आम्ही पुढे कॅमेऱ्याखाली धरला तेव्हा पडद्यावर कोरा कागद पाहून मावशी दचकली होती. अशा कागदांना अतिनील प्रकाश उपयोगी पडतो, इन्फ्रारेड नाही.

आधी दिवा

माझी मोठी चूक इथे होती. किल्ल्यांच्या फोटोंच्या सवयीने मी कॅमेऱ्याचा विचार आधी करत होतो. उघड्यावर सूर्य असतो आणि त्याच्या प्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यामुळे दिव्याचा प्रश्न कधी पडलाच नव्हता. घरात टेबलावर मी दोन उत्तम पांढरे एलईडी पॅनल लावले, लेन्सवर फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा होयाचा आर-७२ फिल्टर चढवला, अर्धा मिनिट एक्स्पोजर दिलं, आणि हाती जवळपास काळोख आला. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या सुमारास संपतो. डोळ्यांना लख्ख वाटणारी ती खोली इन्फ्रारेडसाठी अमावस्या होती.

मग पर्याय तीन उरले. हॅलोजनचा दिवा इन्फ्रारेडने ओसंडत असतो. २९०० केल्विनच्या तारेचं उत्सर्जन बरोबर एक मायक्रॉनच्या आसपास शिखरावर असतं. पण त्यासोबत उष्णता येते, आणि अडीचशे वर्षांचा, एकदा भिजून वाळलेला हातकागद तापवायची माझी तयारी नव्हती. फ्लॅशच्या झेनॉन नळीतही चांगला इन्फ्रारेड असतो आणि तो क्षणभरच लागतो, म्हणून तो मनात बराच वेळ रेंगाळला. पण फ्लॅशमध्ये फोकस करताना काही दिसत नाही, आणि इथे फोकस हाच कळीचा मुद्दा होता.

तिसरा पर्याय बाजारात सहज मिळणारा: सीसीटीव्हीसाठी वापरतात ते १२ व्होल्टचे इन्फ्रारेड दिवे. ते मुख्यतः ८५० आणि ९४० नॅनोमीटर अशा दोन प्रकारांत येतात. ८५० चा दिवा पेटला की अंगाऱ्यासारखी मंद लाली दिसते, ९४० चा पेटलेला कळतही नाही. आम्ही प्रत्येकी दोन घेतले. कागदापर्यंत उष्णता नाही, प्रकाश सतत, आणि एकाच लहरीच्या आसपासचा. काळोख्या खोलीत फक्त ८५० चा दिवा जळत असेल तर लेन्सवर फिल्टरची गरजच उरत नाही. गाळणी दिव्यातच झालेली असते. आर-७२ फिल्टर तेव्हापासून खणात पडून आहे.

दोन लहरी घेण्याचं कारण शाईची परीक्षा. तोच कागद ८५० आणि ९४० मध्ये टिपायचा. अक्षरं दोन्हीत सारखीच काळी राहिली तर काजळी; ९४० मध्ये फिकी पडली तर लोहयुक्त शाईचा संशय. सिलिकॉनचा सेन्सर ९४० ला बराच मंद असतो, आमच्याकडे एक्स्पोजर जवळपास तिप्पट लागलं, पण परीक्षेपुरतं ते चालतं.

एक काळजी. हे दिवे डोळ्यांना अंधुक वाटतात म्हणून त्यांच्याकडे टक लावून पाहू नये. प्रकाश दिसत नाही, त्यामुळे बाहुली आकसत नाही आणि किरण सरळ आत जातात. मावशीच्या नातवंडांना त्या खोलीत येऊ दिलं नाही.

कोणता कॅमेरा

डिजिटल कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत दिसतं. पण तसं राहू दिलं तर साध्या फोटोंचे रंग बिघडतात, म्हणून कंपन्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवतात. तिला हॉट मिरर म्हणतात. ती किती कडक आहे यावर सगळं ठरतं. २००४ च्या निकॉन डी७० मध्ये ती बरीच सैल होती, म्हणून इन्फ्रारेडवाल्यांत तो कॅमेरा लाडका होता. २००६ चा लायका एम८ इतका सैल होता की काळे कृत्रिम कपडे जांभळे येत, आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर द्यावे लागले. आजच्या कॅमेऱ्यांत ती काच कडक असते. माझ्या रोजच्या डीएसएलआरवर ८५० चा दिवा पाडला तर दिव्याचा ठिपका तेवढा दिसायचा, खोली नाही.

त्यामुळे काच बदललेला कॅमेरा हवा हे ठरलं. कोणत्या प्रकारे बदललेला, यावर मी महिनाभर घोळलो.

निसर्गचित्रांसाठी लोक ५९०, ६६५ किंवा ७२० नॅनोमीटरपासून पुढचं सोडणारी काच कायमची बसवून घेतात. त्या पट्ट्यात सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे ठिपके अजून वेगवेगळे वागतात, त्यामुळे पांढरी झाडं, निळं आकाश असे मोहक खोटे रंग काढता येतात. पानं उजळ दिसण्याच्या या प्रकाराला रॉबर्ट वुडचं नाव आहे. त्याने असे फोटो १९१० मध्ये प्रसिद्ध केले होते. मला स्वतःला ७२० फार आवडतं. पण कागदाच्या कामात या रंगांचा उपयोग शून्य. ८३० च्या पुढे तिन्ही रंगांचे ठिपके सारखेच पारदर्शक होतात, चित्र शुद्ध कृष्णधवल येतं आणि सेन्सरचा प्रत्येक ठिपका बारकाव्यासाठी कामी येतो. बोरूच्या टोकाची वळणं ओळखायची असतील तर हेच हवं.

मग ८३० किंवा ८५० ची काच कायमची बसवावी का? इथे काकांनी विचारलेला प्रश्न निर्णायक ठरला. "रंगीत फोटो आणि हा फोटो एकावर एक ठेवता येतील का? कुठलं अक्षर डागाखालून आलं ते मला शेजारच्या मजकुराशी ताडून पाहायचंय." दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी ते नीट जुळत नाही. पण हॉट मिरर काढून जागी साधी पारदर्शक काच बसवली, म्हणजे कॅमेरा फुल स्पेक्ट्रम केला, तर कॅमेरा स्टँडवरून हलवायचाच नाही: पांढरे एलईडी लावून आणि लेन्सवर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर चढवून रंगीत फोटो, मग फिल्टर उतरवून, दिवे बदलून ८५० चा, मग ९४० चा. तिन्ही चित्रं एकमेकांवर बसतात. महजरावर शेंदरी खुणा होत्या. त्या इन्फ्रारेडमध्ये पूर्ण पुसल्या जातात, कारण तांबडा रंग तिथे कागदाइतकाच उजळ दिसतो. रंगीत जोड नसती तर त्या खुणांचा पुरावाच राहिला नसता.

बाकीचे पर्याय पटकन सांगतो. सिग्माच्या एसडी मालिकेतल्या काही कॅमेऱ्यांत ती काच वापरणाऱ्यालाच काढता येते. कल्पना सुंदर, पण चांगल्या स्थितीतली बॉडी हाती लागली नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायचा १२.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा फिल्टर काढून वापरता येतो आणि पैशांत फार बसतो. ज्यांना संगणकाची भीती नाही त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. आमचा मोठा कागद मात्र त्याच्यावर इंचाला सव्वादोनशे ठिपक्यांपर्यंतच पोचला असता.

आत आरसा असलेला डीएसएलआर की बिनआरशाचा मिररलेस, यात मात्र माझी शंका राहिली नाही. डीएसएलआरचा ऑटोफोकस वेगळ्या सेन्सरवर, दृश्य प्रकाशासाठी जुळवलेला असतो, आणि इन्फ्रारेड लेन्समधून किंचित वेगळ्या जागी एकवटतो. जुन्या लेन्सवर लाल ठिपक्याची जी खूण असते ती त्यासाठीच. शिवाय अंधाऱ्या खोलीत आरशाच्या खिडकीतून काहीच दिसत नाही. मिररलेसमध्ये सेन्सरला जे दिसतं तेच पडद्यावर येतं आणि तिथेच वाढवून फोकस करता येतो.

शेवटी वापरलेला सोनी ए६००० घेतला. २०१४ चा, २४ मेगापिक्सेलचा, ६००० बाय ४००० ठिपके. सेन्सर हलवून स्थिरता देणारी यंत्रणा त्यात नाही, आणि काच बदलताना ते सोयीचंच. महजर ४२ सें.मी. लांब. कडेला जागा सोडून ४६ सें.मी. चौकटीत घेतला तर इंचाला सुमारे ३३० ठिपके मिळतात. मोडीच्या अक्षराला हे पुरतं.

त्याआधी एक फसगत होता होता राहिली. एका विक्रेत्याने 'मॉडिफाइड' म्हणून एक डीएसएलआर दाखवला. किंमत आकर्षक होती. तो आकाशनिरीक्षणासाठी बदललेला निघाला. तारकामेघांमधल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरवर असतो आणि तो मिळावा म्हणून तिथे फिल्टर सैल केलेला असतो, पण ७०० च्या पुढे तो अडवतोच. कॅननचा २०डीए किंवा निकॉनचा डी८१०ए हे कंपनीने काढलेले कॅमेरेही याच जातीचे. इन्फ्रारेडसाठी ते नव्हेत. टीव्हीच्या रिमोटचा ठिपका पाहून अशा वेळी निर्णय घेऊ नये, कारण तो जवळून साध्या कॅमेऱ्यातही मिणमिणतो. मी ८५० चा दिवा सोबत नेला होता. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत तो भिंतीवर पाडला आणि पडद्यावर भिंत दिसते का पाहिलं. भिंत दिसली नाही, मी परत आलो.

काच बदलण्याचं काम घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या बॉडीत फ्लॅश असतो तिच्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठून राहतो, बॅटरी काढल्यावरही. आम्ही जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून ते करून घेतलं आणि एक गोष्ट आवर्जून विचारली: काढलेल्या काचेच्या जागी तेवढ्याच प्रकाशीय जाडीची काच बसणार ना? नुसती काच काढून टाकली तर फोकसची जागा सरकते आणि धूळ थेट सेन्सरवर बसते.

लेन्स आणि खांब

माझ्याकडे ५० एमएमची एक लाडकी लेन्स होती, दृश्य प्रकाशात कापल्यासारखी तीक्ष्ण. ८५० च्या दिव्यात कोरा कागद तिने टिपला आणि चित्राच्या मधोमध भाकरीएवढं उजळ वर्तुळ उमटलं. याला हॉट स्पॉट म्हणतात. लेन्सच्या काचांवरचे लेप दृश्य प्रकाशासाठी असतात. इन्फ्रारेड त्यांच्यावरून आणि सेन्सरवरून परतून मध्यभागी साचतो. लेन्सचं छिद्र लहान करत गेलं (एफ/ पुढचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) की वर्तुळाची कड अधिक ठळक होते. किल्ल्याच्या फोटोत हे आकाशात खपून जातं, कागदावर मात्र नेमकी मधली अक्षरं धुऊन निघतात. एकाच नावाच्या दोन पिढ्यांच्या लेन्सही यात वेगळ्या वागतात, म्हणून कोणाच्या यादीवर विसंबू नये. कोरा कागद, आपला दिवा, एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत एकेक फोटो: दहा मिनिटांत निकाल लागतो. मी मित्रांच्या पाच लेन्स तपासल्या. त्यातली जुनी, हाताने फोकस करायची ३५ एमएमची लेन्स एफ/८ पर्यंत निर्मळ निघाली.

अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स हवी, असं सगळेच सांगत होते. हिशेब केला तर तिची गरज नव्हती. ४६ सें.मी. चौकट साडेतेवीस मिलिमीटरच्या सेन्सरवर आणायची म्हणजे विसाव्या हिश्श्याचं चित्र. त्यात मॅक्रो कुठे आला? ६० एमएमच्या लेन्सला त्यासाठी कागदापासून सव्वा मीटर उंची लागली असती. ३५ एमएमला ७२ सें.मी. पुरते. आणि आमच्याकडे खांब होता तो बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून आणलेल्या एन्लार्जरचा, त्यावर तेवढीच उंची मिळत होती. वाचलेले पैसे दिव्यांत आणि काच बदलण्यात गेले.

छिद्र एफ/५.६ वर ठेवलं. लहर लांब असली की छिद्रामुळे येणारी पसरणही वाढते: एफ/८ ला हिरव्या प्रकाशाचा ठिपका सुमारे ११ मायक्रॉनचा होतो, ८५० चा सुमारे १७ चा. या सेन्सरचा एक ठिपका जेमतेम ४ मायक्रॉनचा. एफ/११ किंवा १६ वर आपण स्वतःच्या हाताने अक्षरं बोथट करतो.

पहिल्या दिवसाचा घोळ

पहिली बैठक दुपारी, काळे पडदे ओढून. चित्रात सगळीकडे उजेड सांडलेला. कृत्रिम धाग्याचे ते काळे पडदे इन्फ्रारेडला मलमलीसारखे होते, बाहेरचं ऊन सरळ आत येत होतं. काम रात्रीवर ढकललं.

दुसरा घोळ कागदाखालच्या कापडाचा. पाठपोट लिहिलेला कागद असेल तर खाली काळं ठेवावं लागतं, नाहीतर मागची अक्षरं पुढे झिरपतात. इन्फ्रारेडमध्ये तर कागद अधिकच पारदर्शक होतो. मी काळं मखमल अंथरलं होतं. पडद्यावर ते राखी-पांढरं आलं आणि मागची मोडी पुढच्या मोडीत मिसळली. कापडाचा काळा रंग हा रंगद्रव्याचा काळेपणा, इन्फ्रारेडला त्याचं काहीच वाटत नाही. उपाय मात्र शाईनेच सुचवला. एका जाड पुठ्ठ्याला कार्बनची काळी शाई दोन हात दिली, वाळवला, आणि तो ८५० मध्ये कोळशासारखा काळा आला.

कागदावर काच दाबायची नाही, हे मी आणि काका दोघांनीही पाळलं. उचललेले कोपरे लहान पितळी वजनांनी टेकवले. कोऱ्या कागदाचा एक फोटो सुरुवातीला घ्यायचा, म्हणजे दिव्यांचा असमानपणा नंतर संगणकावर भागून काढता येतो.

काय मिळालं

बारापैकी सहा कागद पूर्ण वाचले गेले. दोन अर्धेमुर्धे, त्यातल्या एकावर शाई स्वतःच पसरली होती. गाळाचे चार कागद जवळपास तसेच राहिले, ९४० मध्येही. ते मावशीने पुन्हा मऊ कागदात गुंडाळून ठेवलेत. गाळ कोरडा काढता येईल का, हे कागदांचं संवर्धन करणाऱ्या माणसाने पाहायचं काम आहे, माझ्या ब्रशचं नाही.

एका पावतीवर जांभळा शिक्का नेमका रकमेवर मारलेला होता. ८५० मध्ये शिक्का गेला आणि रक्कम राहिली.

महजराची पाळी रात्री अकराला आली. आधी रंगीत, मग दिवे बदलून ८५०. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर. डाग असलेला कोपरा पडद्यावर वाढवला आणि काकांनी चष्मा कपाळावर चढवून अगदी नाक लावून पाहिलं. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग बोटाने हवेत अक्षर गिरवलं.

"सलास," ते म्हणाले. "सलास सबैन मया व अलफ. अकराशे त्र्याहत्तर."

म्हणजे इ.स. १७७२-७३. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, त्यांच्यामागे नारायणराव आले, ते वर्ष. काकांनी वहीत तारीख लिहिली आणि फोटो खाली सरकवायला सांगितला. महजराच्या तळाशी, साक्षीदारांच्या नावांपुढे, रंगीत फोटोत नुसती तपकिरी चकंदळं होती. तिथे आता एकाखाली एक नावं उभी राहिली, आणि पाटलाच्या नावाशेजारी, कोणीतरी बोरूने चारपाच फटकाऱ्यांत काढलेला, नखाएवढा नांगर.

मावशी म्हणाली, "हे आपल्या दसऱ्याच्या हळदीखाली होतं होय?"